हशील, महसूल आणि तहसील

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

परवा तू आणि बाबा येऊन गेलात. बाबाच बोलत होते, तू कपातल्या चहाकडे बघत बसली होतीस. निघताना दारात चपला घालता घालता हळूच विचारलंस, "मावशी, घरात उर्दूचं अक्षरसुद्धा कुणाला येत नाही, मला अरबी जमेल का?" उभ्याउभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं ते, म्हणून लिहिते आहे.

आधी बाबांचा प्रश्न घेते. "अरबी शिकून हशील काय?" असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडचा तो 'हशील'च अरबी आहे: हासिल, म्हणजे हाती आलेलं. यातली ह-स-ल ही तीन व्यंजनं लक्षात ठेव. त्यांच्यापासूनच महसूल झाला, त्यांच्यापासूनच तहसील. बाबांची सगळी नोकरी ज्या खात्यात गेली, त्याचं नाव आणि त्यांचा प्रश्न एकाच मुळातून आलेत. अरबीत बहुतेक शब्द असेच घडतात. तीन व्यंजनांचं मूळ घ्यायचं आणि ठरलेल्या साच्यात ओतायचं. 'मक्तूब' म्हणजे लिहिलेलं. त्याच साच्यात क-त-बच्या जागी ह-स-ल ठेवलं की 'महसूल'. या साच्याला तिकडचे वैयाकरण 'वज़्न' म्हणतात. हो, आपलं वजनच.

कोशसुद्धा याच हिशेबानं लावलेला असतो. विद्यापीठात हान्स वेर यांचा कोश तुझ्या हाती येईल. त्यात 'मक्तूब' म खाली शोधशील तर सापडायचा नाही, क-त-ब खाली सापडेल. म्हणजे मूळ ओळखता आल्याशिवाय कोश उघडून उपयोग नाही. पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ मुलं इथेच कंटाळतात. तू कंटाळू नकोस. रोज पाच मुळं घे, प्रत्येकाची पोरंबाळं वहीत मांड. वर्षाअखेरीस न पाहिलेल्या शब्दाचाही अर्थ अंदाजानं लागायला लागतो. तो आनंद मला अजून आठवतो.

मात्र ओळखीच्या शब्दांवर विसंबू नकोस. माझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे. हे शब्द आपल्याकडे बहुतेक फारसीच्या वाटेनं आले आणि वाटेत बदलले. 'गरीब' म्हणजे तिकडे परका, विचित्र. 'तारीख' म्हणजे दिनांक आणि इतिहासही. 'महसूल' म्हणजे आजच्या अरबीत शेतातलं पीक. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचो, तो तिकडे 'हादिर' आहे, आणि त्यातला द आपल्या द सारखा नाही, जड आहे. मराठी माणसाला वाटतं की निम्मे शब्द तर येतातच, आणि मग तो ऐकायचंच थांबतो.

उच्चारांसाठी 'हासिल'च घोकत जा. त्यातला ह चष्म्याची काच पुसण्याआधी तोंडाची वाफ टाकतो तसा, घशाच्या तळातून. स म्हणताना जिभेचं मूळ मागे ओढायचं, म्हणजे त्याआधीचा आकारही भरदार होतो. अरबीतल्या जड त ला आपली मुलं सरळ ट म्हणून टाकतात. ते करू नकोस. वर्गात लहानपणापासून कुराणपठण केलेली मुलंमुली असतील. अक्षर कुठून उमटतं, ज्याला ते मखरज म्हणतात, ते त्यांच्या तोंडात पक्कं बसलेलं असतं. त्यांच्याशेजारी बस, त्यांच्याकडून शिक. वाचनात ती तुझ्या पुढे असतील, पण व्याकरणात आणि अर्थात बहुतेक जण तुझ्यासारखीच पहिल्या पायरीवर असतात. नातेवाईक म्हणतील, ही भाषा आपली नव्हे. त्यांना सांग, १९व्या शतकात अरबीचा मोठा कोश रचणारे बुत्रुस अल-बुस्तानी लेबनॉनचे ख्रिस्ती होते. आणि आपल्या पंचतंत्रातले करटक-दमनक आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांच्या हातून 'कलीला व दिम्ना' होऊन अरबीत नांदायला लागले, ते अजून नांदतात.

लिपीची भीती घेऊ नकोस. २८ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. महिन्याभरात हात बसतो. खरी अडचण वेगळीच आहे. छापलेल्या मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. 'कतब' एवढंच दिसतं. ते कतबा, म्हणजे त्यानं लिहिलं, की कुतुब, म्हणजे पुस्तकं, हे वाक्यावरून ठरवायचं. मोडी वाचणाऱ्याला यात नवल वाटत नाही, तिथेही ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्यानंच लावायचं असतं.

मोडीवरून आठवलं, आणि हे मला तुला कधीपासून दाखवायचं होतं. पेशवाईतल्या कागदांवर साल असं येतं: 'इहिदे सितैन मया व अलफ'. मोठ्यानं वाच. एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे ११६१. हे सुहूर सन, मृग नक्षत्रापासून सुरू होणारं. त्यात ५९९ मिळव, जानेवारी लागला असेल तर ६००. १७६०-६१ आलं. पानिपतचं साल! आपले कारकून बोरू बुडवून अरबी आकडे लिहीत होते, आणि आपण 'एकसष्ट' म्हणताना एकक आधी घेतो तसेच अरबही घेतात. अशा कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. मोडी येणारे थोडे, अरबी-फारसी येणारे थोडे, दोन्ही येणारे फारच थोडे. बाबांना हेही सांग.

आता एक चूक सांगते, माझीच. एम.ए. करून मी दिल्लीतल्या एका रुग्णालयात दुभाषी म्हणून लागले. एका इराकी आजोबांचं ऑपरेशन झालं होतं. नर्सनं विचारायला सांगितलं, दुखतंय का? मी शुद्ध, पुस्तकी अरबीत विचारलं. ते म्हणाले, "माकू." मला वाटलं, काहीतरी हवंय. काय हवंय, कुठे आहे, असं मी विचारत सुटले. ते पुन्हा "माकू, माकू" म्हणाले आणि शेवटी थकून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. औषधं घेऊन मुलगी परत आली तेव्हा कळलं. इराकी बोलीत 'अकू' म्हणजे आहे, 'माकू' म्हणजे नाही. दुखत नाही, एवढंच ते सांगत होते. पाच वर्षांच्या शिक्षणात हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता.

आपण घरात "काहून, येऊन राहिली का?" म्हणतो आणि पेपरात "का, येत आहेस का?" लिहितो. अरबांकडे हे अंतर याहून कितीतरी मोठं आहे. 'कसा आहेस' याला कैरोत 'इज़्ज़ायक', बैरूतमध्ये 'कीफक', बगदादमध्ये 'श्लोनक'. म्हणून पहिल्या वर्षापासून पुस्तकी भाषेसोबत एक बोली धर, एकच. इजिप्तची धरलीस तर तिथल्या सिनेमामुळे ती बहुतेक सगळीकडे समजते. आणि रोज अर्धा तास नुसतं ऐक, समजलं नाही तरी.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. दिल्लीत जेएनयूला अरबीची बी.ए. ऑनर्स आहे, त्यासाठी सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे. अलीगढ, जामिया आणि मुंबई विद्यापीठातही विभाग आहेत. मला विचारशील तर जेएनयू किंवा इफ्लू, कारण तिथे आजूबाजूला इतर भाषा शिकणारी मुलंही भेटतात.

रविवारी सकाळी ये. दुरेघी वही आण, पेन्सिल आण, बॉलपेन नको. अलिफपासून सुरू करू. बाबांनाही घेऊन ये. त्यांच्यासाठी मी मोडीच्या दोन कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. सालं त्यांनीच लावून दाखवावीत.

तुझी,
मावशी