निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकायची आहे ना?

नाना, बँकेतून निवृत्त होऊन महिनाही झाला नाही आणि तुम्ही मोडी शिकायला येताय, याचा फार आनंद झाला. लगेच या. "जरा आराम करून बघू" म्हणणारे बरेचदा पुढच्या दिवाळीपर्यंत तेच म्हणत राहतात.

वडोदऱ्यात या कामाला तोटा नाही. गायकवाडी कारभाराचे कितीतरी कागद मोडीत आहेत, आणि दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांतही पणजोबांची दप्तरं कापडात बांधून ठेवलेली असतात. वाचणारे मात्र थोडे.

पत्रांपासून नको, जमाखर्चाच्या कागदांपासून सुरुवात करा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून अक्षरं तिला टांगतात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो. नवख्याला पत्र वाचताना धीर सुटतो. हिशेबात बेरीजच वाचन तपासून देते. 16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा. बेरीज जुळली नाही तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचलाय, असं आधी समजायचं. हे तुमच्याइतकं कोणाला जमणार? बडोदा संस्थानाचा बाबाशाही रुपया आणि ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया मात्र एकाच रकान्यात मिळवू नका. कागदावर शके (शालिवाहन शक) दिलेलं असेल तर त्यात 78 मिळवा, साधारण इसवी सन येतं.

घरच्यांचे कागद बघताना मूळ प्रत घरी आणू नका, तिथेच फोटो काढा. जमिनीचा वाद चालू असेल तर फक्त वाचून दाखवा, मत देऊ नका. आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा, सकाळचे दोन तास या कामाचे.