लेकरं आईपासून तोडू नकोस

सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भायखळ्याच्या फुटपाथवरची ती बाई मुलींना वसतिगृहात घालायला तयार नाही, तू हात जोडलेस तरी ऐकेना, आणि आता तू विचारतेस, माझं पाचारणच, देवाने या सेवेला बोलावलं तेच, चुकलं का. पाचारणाचं नंतर बघू. आधी त्या बाईचं.

तिचं बरोबर आहे.

महापालिकेची गाडी येते तेव्हा ताडपत्री, भांडी, पोरींची दप्तरंसुद्धा उचलून नेते. पुन्हा पुन्हा नेते. तिच्यापाशी शाबूत उरतं ते एकच, आपली माणसं. तेवढंच तू मागायला गेलीस!

मुली शिकतील म्हणतेस. शिकू देत ना. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांसमोर बस, नाव घातल्याशिवाय उठू नकोस. वसतिगृहाचा फॉर्म भरण्यापेक्षा हे कटकटीचं आहे, रोज सकाळी पोरींना उठवून न्यावं लागतं. मग ने.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना वसतिगृहाची सवय जुनी आहे. 1900च्या आसपासच्या दुष्काळात आईबाप गेलेली लेकरं मिशनने पोटाशी धरली. माझे आजोबा त्यातलेच, त्या उपकाराची मला जाण आहे. पण त्यांना मागे कोणी उरलं नव्हतं. या मुलींना आई आहे, हातगाडी ओढणारा बाप आहे. जितीजागती माणसं असताना पोरींना अनाथ कशाला करायचं?

मारहाण होत असेल, पोरीच्या अंगाला कोणी हात लावत असेल, तर क्षणभर थांबू नकोस, चाइल्डलाइनचा 1098 फिरव. पण गरिबी हे लेकरू उचलायचं कारण नव्हे. 2015चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. आपण तो पहिला का धरतो, सांगू? मुलांच्या फोटोला देणगी मिळते. नवरा, बायको आणि तीन पोरं एका खोलीत, असा फोटो कोणी मागत नाही.

मंडळीच्या हॉलमागची खोली बेघर कुटुंबांना द्यायची म्हटल्यावर कमिटीत मला हट्टी ठरवलं. बायका-पुरुष एका छताखाली, बरं दिसत नाही म्हणाले. मी म्हटलं, नवराबायको आहेत, तसेच दिसतील. बरेच दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. आजही मी तेच म्हणेन. त्या खोलीतून लोक आपल्या पायावर उभे राहून भाड्याच्या घरात गेले, अख्खेच्या अख्खे. खोली एकच होती, ही खंत मात्र जात नाही.

सरकारी कागदावर तरी हे मान्य आहे. 2013च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा निवारा आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे धरले होते. प्रत्यक्षात अनेकदा बाप एकीकडे, आई-मुली दुसरीकडे, मिसरूड फुटलेला मुलगा तिसरीकडे. असा निवारा नको म्हणणाऱ्याला आळशी म्हणू नकोस, मला राग येतो. शिवाय तो बहुधा लांब असतो, आणि त्या बाईचं लसूण सोलायचं काम मार्केटजवळ. पोटासाठी माणसं कामाजवळच्या फुटपाथवर राहतात, हे 1985 साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं होतं. तरी हटवायला मुभा दिली, ते वेगळं.

तू दमली आहेस, हे पत्रावरून दिसतं. दोन दिवस घरी जा, आईच्या हातचं खा. मग रविवारी उपासना झाली की त्या बाईकडे जा, फॉर्म न घेता. तिने बसायला सांगितलं तर खाली बस. गावचं रेशनकार्ड आहे का विचार. आधार जोडलेलं असलं तर आता मुंबईतल्या दुकानातही त्यावर धान्य मिळतं. पाचारणाचा प्रश्न त्यानंतरही उरला तर सविस्तर लिही.

आणि कमिटीत वसतिगृहाचा विषय पुन्हा निघाला तर एकटीने भांडू नकोस. मला कळव, मी येते.

तुझी,
मावशी