मुदत लिहिली नाही, तर हक्क कुणाचे?

प्रश्न : जून २०१९ मध्ये माझी पहिली कादंबरी आली. किंमत २५० रुपये, १,००० प्रती. 'प्रकाशनाचे हक्क आपणास दिले आहेत, रॉयल्टी १० टक्के' एवढ्याच मजकुराच्या पत्रावर प्रकाशकांनी सही घेतली. पहिल्या वर्षी ४,२०० रुपये आले, नंतर छदामही नाही. 'आवृत्ती पडून आहे' म्हणतात. पण भाचीने परवा विकत घेतलेल्या प्रतीवर 'पुनर्मुद्रण : २०२२' असं छापलंय. आता एक ऑडिओबुक कंपनी विचारतेय, तर प्रकाशक म्हणतात, तेही हक्क आमचेच. काय करू?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, भाचीकडची ती प्रत आधी मागून घ्या, बिलासकट. एका प्रतीमागे तुमचे २५ रुपये, म्हणजे ४,२०० रुपयांत १६८ प्रतींचा हिशेब झाला. हल्ली शंभर-दोनशे प्रतीही छापून मिळतात हे खरं, पण आठशेच्या वर प्रती गोदामात असताना पुन्हा छापायला कोण जाईल?

हक्कांचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ वाचा. हक्क दिल्याच्या लेखी करारात मुदत नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. तुमची जून २०२४ मध्येच संपली. शिवाय कोणते हक्क दिले हे करारात स्पष्ट लिहावं लागतं, आणि तुमच्या पत्रात ऑडिओचा शब्दसुद्धा नाही.

प्रकाशकांना पत्र लिहा. प्रत्येक वेळी किती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक, एवढंच विचारा. भाषा सौम्य ठेवा. पोच घेऊन पाठवा, फोनवर बोलणं नको. थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून याच आठवड्यात वकिलांना कागद दाखवा.

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी प्रकाशक म्हणाले होते, "हिशेब कसला मागता, तुम्ही तर घरच्या!" रॉयल्टीऐवजी त्यांनी साठ प्रती दिल्या. दिवाणाखालच्या त्या खोक्यांना कसर लागली, तरी नऊ वर्षं मी तोंड उघडलं नाही. साहित्यात पैशांचं बोलू नये, असंच मनावर बिंबलं होतं. ते चूक होतं. पहाटे चारला उठून, शाळेचे डबे भरण्याआधी तुम्ही लिहिलं असेल, त्या श्रमाचे हे पैसे आहेत.

ऑडिओ कंपनीशी बोलताना टक्का कशावर आहे ते आधी विचारा : ऐकल्या गेलेल्या तासांवर, विक्रीवर, की खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेवर? 'निव्वळ उत्पन्न' असं लिहिलं असेल तर त्यातून काय काय वजा होणार, ते करारातच लिहून घ्या. हक्क फक्त मराठी ऑडिओचे द्या, पाच वर्षांसाठी. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट हे शब्द मसुद्यात दिसले, तर सही करण्याआधी खोडायला लावा.