हाताने रंगवलेल्या महागड्या लोकरीची एकच लडी आहे, काय विणावं?

तुमचा प्रश्न वाचला. बहिणीने परदेशातून मालाब्रिगो सॉक या बारीक लोकरीची एक लडी आणून दिली आहे, निळा, जांभळा आणि हिरवा एकमेकांत उतरलेला. आजवर तुम्ही एकरंगी लोकरीचे स्वेटर विणलेत, राहता नाशिकला, आणि ही लडी कपाटातून काढता, बघता आणि परत ठेवता. काय विणलं म्हणजे वाया जाणार नाही, असं विचारलंय.

माझं उत्तर: कोपऱ्यापासून सुरू होणारी, साध्या विणीची त्रिकोणी शाल. साडीवर डिसेंबरच्या लग्नात घेता येईल, रेल्वेच्या एसी डब्यात घेता येईल, आणि लोकर जिथे संपेल तिथे शाल संपवता येईल. बाकी पर्याय मी का बाद करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला पटलं नाही तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

लडीवरच्या कागदावर 100 ग्रॅम आणि 402 मीटर असं असेल. यातला कामाचा आकडा मीटरचा. आपल्याला दुकानात ‘स्वेटरला किती गुंडे लागतील’ असं विचारायची सवय असते, पण बारीक लोकरीत तेवढ्याच वजनात दोरा खूप लांब भरतो. तरीही बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला या जाडीत बाराशे ते पंधराशे मीटर लागतात, म्हणजे स्वेटरचा विचार सोडा. ‘आणखी दोन लड्या मागवू’ असं मनात आलं असेल तर तेही जपून. मालाब्रिगो ही उरुग्वेतली कंपनी, ती लोकर मोठ्या भांड्यांतून थोडी थोडी रंगवते. एकाच नावाच्या दोन लड्या शेजारी ठेवल्या तर एक निळ्याकडे झुकते, दुसरी हिरव्याकडे. अशा लड्या एकत्र वापरायच्या तर दोन ओळी एकीच्या, दोन ओळी दुसरीच्या असं आलटून पालटून विणतात, नाहीतर पोटावर सरळ रेघ दिसते.

नावात ‘सॉक’ आहे म्हणून मोजे? मी नाही विणणार. मोज्यांच्या चांगल्या लोकरीत साधारण पाव हिस्सा नायलॉन असतो, टाच टिकावी म्हणून. ही निव्वळ मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची लोकर आहे, गालाला लावावीशी वाटेल इतकी मऊ, आणि बुटात घासली तर टाचेला लवकर विरणार. शिवाय नाशिकमध्ये लोकरीचे मोजे वर्षातून किती दिवस घालाल, आणि घातले तरी ते बुटात. इतके रंग लपवायचे कशाला!

बाळाचं टोपडं आणि बंडी हा वाईट पर्याय नाही. घरात बाळ येणार असेल तर अर्ध्या लडीत टोपडं होतं, लोकर टोचत नाही, आणि सुपरवॉश (न आटण्यासाठी प्रक्रिया केलेली) असल्यामुळे धुताना आटून नमद्यासारखी होत नाही. पण बाळ दोन-तीन महिन्यांत त्यातून मोठं होतं. तुम्हाला ही लोकर स्वतः वापरायची आहे असं प्रश्नावरून वाटलं, म्हणून शाल.

आता रंगांबद्दल, कारण एकरंगी लोकर विणणाऱ्या हाताला खरा नवा भाग इथे आहे. लडी उकलून तिचं मोठं कडं टेबलावर पसरा आणि एकेक रंग सलग किती लांब आहे ते बघा. वीतभर जांभळा, मग चार बोटं हिरवा, मग पुन्हा निळा, असं काहीतरी दिसेल. या जाडीत एका टाक्याला साधारण सव्वा सेंटीमीटर दोरा जातो, म्हणजे पंधरा सेंटीमीटरचा जांभळा पट्टा बारा टाक्यांत संपतो. प्रत्येक ओळीत टाके तेवढेच असतील, तर कधीकधी रंग नेमके एकावर एक येऊन बसतात आणि मध्येच जांभळा डाग किंवा तिरपा विजेसारखा पट्टा तयार होतो. गोल विणलेल्या टोपीत, गळपट्टीत आणि सरळ मफलरमध्ये ही भीती जास्त. काहींना ते आवडतं. मला तो कपड्यावर काहीतरी सांडल्यासारखा वाटतो. त्रिकोणी शालीत टाके वाढत जातात, ओळीची लांबी सतत बदलते, त्यामुळे रंगांना एकावर एक बसायला जागाच मिळत नाही. ते आपोआप विखुरतात.

याच कारणाने वेणीची वीण आणि बारीक जाळी इथे नको. तुम्हाला त्या उत्तम येत असतील, पण रंग इतके हलते असले की वेणीचा उठाव दिसत नाही. जवळून बघणाऱ्यालाही ‘हे काय आहे’ असा प्रश्न पडतो. मेहनत दुप्पट आणि दिसतं काहीच नाही. ती कला एकरंगी लोकरीसाठी राखून ठेवा. इथे दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे आडव्या कण्या उठणारी वीण, सगळ्यात छान दिसते. उलटा-सुलटा प्रश्न नसतो, कडा वळत नाहीत, आणि एका कणीचा रंग पुढच्या कणीत मिसळतो.

विणायचं असं. तीन टाके घाला. पहिल्या ओळीत पहिला टाका सुलट, दुसऱ्या टाक्यात पुढून आणि मागून विणून दोन टाके करा, बाकी सुलट. पुढच्या तीन ओळी नुसत्या सुलट. या चार ओळी पुन्हा पुन्हा. चार ओळींत एकच टाका वाढतो, म्हणून शाल लांबट होते. 400 मीटरमध्ये सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि रुंद टोकाला साठेक सेंटीमीटर. दर दोन ओळींना टाका वाढवलात तर शाल तेवढी लांब होत नाही, पण खोल होते, पाठीवर जास्त उतरते. हात कंटाळला तर मधूनच एखाद्या तिसऱ्या ओळीत गंमत करा: एक टाका सुलट विणा, दोरा पुढे घ्या, पुढचा टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवा, दोरा मागे न्या, पुन्हा एक सुलट. सरकवलेल्या टाक्यावर दोऱ्याची छोटी आडवी काडी दिसते, आणि तिचा रंग बहुतेक वेळा खालच्या टाक्याहून वेगळा असतो. अशी एकच ओळ आली तरी तिथे रंगांचे ठिपके पडतात. पूर्ण शाल या विणीत करू नका, फार घट्ट होते आणि पुढे सरकतच नाही.

सुई 4 मिलिमीटरची घ्या. इथे एक सावधगिरी. आपल्या घरातल्या जुन्या सुयांवर ब्रिटिश क्रमांक असतात, त्यात आकडा मोठा तशी सुई बारीक. 4 मिलिमीटर म्हणजे आपली 8 नंबर. अमेरिकन कागदावर 8 लिहिलं असेल तर ती 5 मिलिमीटरची सुई. इंटरनेटवरचा नमुना घेऊन बसलात तर नंबर बघू नका, मिलिमीटर बघा. शेवटी शंभराच्या वर टाके होतात, म्हणून जमल्यास गोल सुई, म्हणजे लवचिक तारेने जोडलेली सुयांची जोडी, वापरा. टाके बारीक आणि दाट विणायची तुमची सवय असेल तर ती इथे सोडा. ही शाल अंगावर पडली पाहिजे, उभी राहता कामा नये.

सुरू करण्याआधी दोन कामं. एक, लडीवरून थेट विणू नका, चार ओळींत गुंता होईल. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यांच्यावर कडं चढवा, किंवा घरातल्या कुणालातरी हात पुढे करून बसवा. ज्या दोऱ्यांनी लडी जागोजागी बांधलेली असते तेवढे कापा आणि सैलसर गुंडा करा. ताणून गुंडाळलेली मेरिनो आपला फुगीरपणा हरवते.

दुसरं, पण गुंडा करण्याआधी: रंग जातो का ते बघा. निळे आणि जांभळे रंग जास्त चावट असतात. दोन हात दोरा पांढऱ्या वाटीत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी किंचित निळसर झालं तर ठीक, शेवटी धुताना निघून जाईल. गडद झालं तर लडी गुंडाळण्याआधीच इलाज करा. लोकरीचे हे रंग आम्लाने आणि उष्णतेने पक्के होतात, दोन्ही एकदम लागतात. मिठाच्या गार पाण्याने काही होत नाही, तो सुती कपड्यांच्या रंगाबद्दलचा सल्ला आहे. जुन्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात पाव वाटी पांढरं व्हिनेगर, लडी बांधलेली तशीच बुडवायची, मंद आचेवर उकळीच्या अलीकडे आणून अर्धा तास ठेवायची, न ढवळता. मग पातेल्यातच पूर्ण गार होऊ द्यायची. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

लोकर पुरेल का ही धास्ती कोपऱ्यापासून विणताना राहत नाही, फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा. अर्धी लोकर संपेल तेव्हा शालीची लांबी शेवटच्या लांबीच्या सत्तर टक्के झालेली असेल, कारण पुढच्या ओळी मोठ्या होत जातात. पन्नास ग्रॅमला घाबरून थांबू नका, आणि ‘अजून निम्मी बाकी आहे’ म्हणून निवांतही राहू नका. शेवटाकडे एका ओळीआधी आणि ओळीनंतर गुंडा तोला, म्हणजे एका ओळीला किती ग्रॅम जातात ते कळेल. टाके बंद करायला त्याच्या तिप्पट लोकर हातात ठेवा. बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर ती कड आखडते आणि शाल वाडग्यासारखी वळते.

मग कोमट पाण्यात इझीचे थोडे थेंब घालून वीस मिनिटं भिजवा. सुपरवॉश लोकर पाणी प्यायली की बरीच लांबते. उचलताना दोन्ही हातांवर घ्या, टोकाला धरून लोंबकळवू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. गादीवर जुनी चादर घालून तिच्यावर पसरा, तीन कोपरे न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणा आणि सावलीत पंख्याखाली वाळू द्या. दोरीवर कधीही नाही, ना आत्ता ना नंतरच्या धुण्यात.

आणि विणायला घ्यायचीच आहे, तर या थंडीआधी घ्या. रंगवलेली लोकर कपाटात ठेवली तरी तिला कसर लागायची ती लागतेच, सुपरवॉश असली तरी. राहिलेले दोन-चार ग्रॅम फेकू नका. कुठे टाका सुटला तर शिवायला हाच दोरा लागेल, याच रंगाचा दुसरा मिळणार नाही.