सरांचा जीवनपट लिहिताना

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचे जुने मुख्याध्यापक ७५ वर्षांचे होताहेत. शाळेसोबत त्यांनी गावासाठीही खूप केलं. गौरव-पुस्तिकेसाठी खरी माहिती कशी जमवावी?

उत्तर : आधी कागद, मग आठवणी. सरांकडे सेवापुस्तकाची प्रत असेल तर नेमणुका, बदल्या, पदोन्नती यांच्या तारखा तिथूनच घ्या. शाळेतली शेरेबुकं, सभेची इतिवृत्तं आणि हजेरीपटही सध्याच्या मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहा.

जन्मतारीख '१ जून' दिसली तर थांबा. पूर्वी शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी हीच लिहीत. घरच्यांना विचारा आणि ७५वी नेमकी कधी ते ठरवा.

गावकामाच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या ठरावांत मिळतात. ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१चं, तंटामुक्त गाव मोहीम २००७ची. त्यामुळे कुणी 'नव्वद साली सर तंटामुक्ती समितीत होते' म्हटलं, तर साल चुकलंय. शालेय व्यवस्थापन समितीही २०१०च्या आसपासची. त्याआधीचं काम ग्राम शिक्षण समितीत शोधा.

मुलाखती पाऊण तासाच्या, दोन बैठकांत. 'सर कसे होते?' विचारलं की 'फार चांगले' एवढंच हाती येतं. त्याऐवजी विचारा : शाळेतून गळालेल्या मुलीच्या घरी ते कितीदा गेले, काय बोलले? खरे सर तिथेच भेटतात. मात्र त्या मुलीचं नाव तिच्या संमतीशिवाय छापू नका.