शहराला फेडरल अनुदान मिळते, तरी परवडणारी घरे का उभी राहत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील आपल्या शहराला समाजविकास आणि परवडणाऱ्या घरांच्या नावाने दरवर्षी फेडरल सरकारचे अनुदान मिळते, पण डोळ्यांना दिसतात ते नवे फूटपाथ आणि दुरुस्त झालेली उद्याने. मग घरांचे पैसे जातात कोठे? न्यू जर्सीतील एका मध्यम आकाराच्या शहराच्या नागरिक सल्लागार समितीवर मी काही वर्षे होतो. त्या अनुभवावरून सांगतो की, हा पैसा सहसा कोणी खात नाही. नियमांची रचनाच अशी आहे की तो फूटपाथकडे वळतो.

यात दोन निरनिराळी अनुदाने आहेत. पहिले कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, म्हणजे सीडीबीजी. १९७४ पूर्वी झोपडपट्टी निर्मूलन, पाणीपुरवठा, मलनिस्सारण अशा प्रत्येक कामासाठी शहरांना वॉशिंग्टनकडे वेगळा अर्ज करावा लागे. त्या वर्षीच्या कायद्याने या योजना एकत्र करून सूत्रानुसार ठोक रक्कम द्यायची आणि प्राधान्य शहरानेच ठरवायचे, अशी पद्धत आणली. ५० हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हा वाटा थेट मिळतो, तर लहान गावांना तो राज्यामार्फत घ्यावा लागतो. खर्चापैकी किमान ७० टक्के रकमेचा लाभ, परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाच्या) ८० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबांना झाला पाहिजे.

आता खरी मेख पाहा. सीडीबीजीच्या पैशातून जमीन घेता येते, जुनी इमारत पाडता येते, नळ आणि गटारे टाकता येतात, राहत्या घरांची दुरुस्ती करता येते. परंतु नवे घर बांधणे, काही ठरावीक बिगर-नफा संस्थांचा अपवाद सोडल्यास, या अनुदानात बसत नाही. उदाहरणादाखल समजा, शहराला सहा लाख डॉलर मिळाले. सार्वजनिक सेवांवर, म्हणजे अन्नवाटप, वृद्धांची वाहतूक, पाळणाघरे यांवर, १५ टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही, म्हणजे ९० हजार; प्रशासन आणि नियोजनाची मर्यादा २० टक्के, म्हणजे एक लाख २० हजार. उरलेले तीन लाख ९० हजार वेळेत संपवावे लागतात, कारण वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी शहराच्या खात्यात वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून अधिक रक्कम पडून असेल तर हड, म्हणजे घरबांधणी आणि शहरविकासाचे फेडरल खाते, जाब विचारते. निविदा काढून एका हंगामात हमखास पूर्ण होणारे काम कोणते? फूटपाथ, आणि त्याच्या कोपऱ्यावरचा चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार. ज्या वस्तीत किमान ५१ टक्के रहिवासी अल्प किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत तेथे तो केला की हिशेबही सरळ बसतो.

घरदुरुस्तीचे काम माझ्या मते यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, पण ते फार चिवट असते. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असण्याची शक्यता धरून चालावे लागते. अनुदानातून पाच हजार डॉलरपर्यंतचे काम असेल तर ते सुरक्षित पद्धतीने केले की भागते. त्यापुढे आधी तपासणी करून धोका आटोक्यात आणावा लागतो. २५ हजारांच्या पुढे गेले तर शिशाचा धोका कायमचा दूर करणे सक्तीचे होते. एखाद्या आजींचे छप्पर गळते म्हणून अर्ज येतो, आणि खिडक्यांच्या चौकटींवरचा जुना रंग निघाला की अंदाजपत्रक दुप्पट होते. अशा वेळी कर्मचारी दुसरा, सोपा अर्ज उचलतात. त्यांना दोष देणे मला कधी जमले नाही.

घरबांधणीसाठी खास असलेले दुसरे अनुदान म्हणजे १९९० च्या कायद्याने आलेले ‘होम’ (HOME) नावाचे अनुदान. लहान शहरांना ते बहुधा काउंटीशी किंवा शेजारच्या शहरांशी संघ करून घ्यावे लागते. त्यातून बांधलेल्या भाड्याच्या नव्या घरांचे भाडे २० वर्षे मर्यादेत ठेवावे लागते, आणि शहराला साधारण २५ टक्के रक्कम इतर मार्गांनी जुळवावी लागते. तरीही एवढ्याने इमारत उभी राहत नाही. मुख्य भांडवल अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांसाठी १९८६ पासून चालत आलेल्या करसवलतीतून, म्हणजे ती सवलत विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांकडून येते. होमचा पैसा उरलेली तूट भरून काढतो. त्यामुळे एका इमारतीच्या कागदपत्रांत पाच-सहा ठिकाणचा पैसा दिसतो आणि प्रत्येकाची अट वेगळी असते.

घरे कोठे बांधायची हाही नाजूक विषय आहे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर काउंटीने अनुदान घेताना वांशिक भेदभाव दूर करण्याची हमी लिहून दिली होती, पण ती पाळली नाही, असा दावा न्यायालयात गेला. २००९ मध्ये काउंटीने सहा कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली आणि ७५० परवडणारी घरे, मुख्यतः श्वेतवर्णीय वस्तीच्या गावांत, उभारण्याचे मान्य केले. पुढे त्याच्या अंमलबजावणीवरून वर्षानुवर्षे वाद चालला. झोनिंग, म्हणजे कोणत्या जागेवर काय बांधता येईल याचे स्थानिक नियम, बदलायला स्थानिक मंडळी तयार नसतील तर अनुदान असूनही घर उभे राहत नाही, आणि माझा अनुभव असा की हाच अडथळा पैशाच्या टंचाईपेक्षा अधिक ठिकाणी आडवा येतो.

आपल्या शहराचे खरे चित्र पाहायचे असेल तर दोन कागद मागवा. एक, वार्षिक कृती आराखडा. त्याचा मसुदा मंजुरीआधी ३० दिवस नागरिकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो आणि त्यावर जाहीर सुनावणीही होते. आमच्या सुनावणीला बहुतेक वेळा अनुदान मागणाऱ्या संस्थांचेच लोक येत, त्यामुळे एखाद्या सामान्य रहिवाशाने नेमका प्रश्न विचारला की त्याची नोंद आवर्जून होत असे. दुसरा, वर्ष संपल्यावर ९० दिवसांत हडकडे जाणारा कामगिरी अहवाल. किती घरे दुरुस्त झाली आणि कोणत्या प्रकल्पाचे किती पैसे अजून खर्चावाचून पडून आहेत, हे त्यात सापडेल.