रीडिंग कॅम्पचं पत्र आणि साताऱ्याची तिकिटं

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका आईचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही, थेट प्रश्न. "ताई, शाळेनं आमच्या मुलीला उन्हाळ्यात बोलावलंय. ती नापास झाली का हो?"

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते आणि मराठी कुटुंबांसाठी पालक-समुपदेशन करते. रालेच्या आसपास, कॅरी-मॉरिसव्हिल भागात आपली माणसं भरपूर आहेत. शाळा संपत आली की असे फोन हमखास येतात. या कुटुंबाला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून ही हकिगत सांगते आहे. मुलीला इथे चिऊ म्हणू. वय सात, फर्स्ट ग्रेड संपत आलेली, जन्म इथलाच, घरात पहिल्यापासून मराठी.

पत्र एका पानाचं होतं. चिऊच्या वाचनात अडचण दिसते आहे, डिस्ट्रिक्टतर्फे (म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेतर्फे) जून-जुलैत सकाळचा रीडिंग कॅम्प आहे, तिला पाठवावं असं आम्ही सुचवतो. पण १२ जूनची मुंबईची तिकिटं जानेवारीतच काढलेली होती. साताऱ्याला आजी वाट बघत होती. आंबे संपायच्या आत पोचायचं, असं दरवर्षीचं ठरलेलं.

वीसेक मिनिटं तिकिटांवर बोलून झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. दुपारी कार लाइनमध्ये, मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत, शाळेतलं कुणीतरी जाता जाता म्हणालं होतं, "घरी इंग्रजीच बोलत जा, म्हणजे तिला सोपं जाईल." तेव्हापासून चार दिवस ही आई लेकीशी इंग्रजीत बोलत होती. जेवायला वाढताना, वेणी घालताना, झोपवतानासुद्धा. चौथ्या रात्री चिऊनं अंधारात विचारलं, "आई, तू माझ्यावर रागावलीयेस का? अशी का बोलतेस?"

हे सांगताना तिचा आवाज फुटला. मी म्हटलं, "आज रात्रीपासून मराठी परत सुरू करा. बाकीचं आपण बसून बघू." हे मी कागदपत्रं बघायच्या आधीच सांगितलं, आणि अशा प्रत्येक घराला सांगते. घरातल्या दुसऱ्या भाषेमुळे मुलाचं वाचन बिघडत नाही. वाचायला दोन गोष्टी लागतात: अक्षरांवरून शब्द उच्चारता येणं, आणि तो ऐकल्यावर कळणं. १९८६ साली गफ आणि टनमर या संशोधकांनी हेच साध्या गुणाकाराच्या रूपात मांडलं होतं. त्यातली एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. समजण्याची बाजू गप्पांनी, गोष्टींनी, 'असं का गं?' या हजार प्रश्नांनी भरते, आणि आई ज्या भाषेत मोकळेपणानं बोलू शकते त्या भाषेतच ती बाजू सगळ्यात चांगली भरते. आईनं अडखळत बोललेल्या इंग्रजीत ते बळ नसतं.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर शाळेचा रिपोर्ट ठेवलेला होता आणि त्यावर एक लाल पट्टी. त्या पट्टीनं आईची झोप उडवली होती. बाबा हाताची घडी घालून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "ताई, आम्ही दोघं इंजिनिअर. आमच्या मुलीला समर स्कूल?"

मी आधी त्यांना त्या पत्रामागचा कायदा सांगितला, कारण तो कळला की निम्मी भीती जाते. या राज्यानं २०१२ साली 'रीड टू अचीव्ह' नावाची तरतूद केली. तिसरी संपेपर्यंत मुलाला नीट वाचता आलं पाहिजे, आणि जमत नसेल तर डिस्ट्रिक्टनं उन्हाळ्यात जादा शिकवणी उभी केली पाहिजे, हा तिचा गाभा. पुढे पहिली-दुसरीत अडखळणारी मुलंही त्यात घेतली गेली. कॅम्पमध्ये वाचनाचं शिक्षण कमीत कमी ७२ तास, तेही परवानाधारक, पगारी शिक्षकांकडून, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. अशा मुलांना फी नाही. पाठवायचं की नाही, याचा शेवटचा निर्णय पालकांचा. तिसरीच्या मुलांचं थोडं वेगळं असतं, तिथे वर चढवण्याचा प्रश्न येऊ शकतो. पण चिऊ दुसरीत जाणारच होती. कॅम्पला गेली तरी, साताऱ्याला गेली तरी.

"म्हणजे ही शिक्षा नाही," आई म्हणाली.

"बाहेर याच गोष्टीसाठी लोक तासाला पैसे मोजतात," मी म्हटलं.

मग रिपोर्ट उघडला. इथे किंडरगार्टन ते तिसरी वर्षातून तीनदा 'डिबेल्स' नावाची चाचणी होते. मूल आणि शिक्षक समोरासमोर, एकेक भाग मिनिटभराचा. पालक बहुधा वरचा रंग बघतात आणि कागद मिटतात. मला खालच्या ओळी हव्या असतात. चिऊला अक्षरांची नावं येत होती. ऐकलेल्या शब्दातले आवाज सुटे करून सांगणं उत्तम होतं. गाडी अडत होती ती निरर्थक शब्दांवर. 'टॉब', 'विब' असे अर्थ नसलेले शब्द मुद्दाम देतात, म्हणजे पाठांतर किंवा चित्र बघून अंदाज चालत नाही. चिऊनं त्यातले सुटे आवाज बरेच बरोबर सांगितले होते, पण अख्खा शब्द जोडून एका मिनिटात फक्त दोन वाचले होते.

मी चिऊला हाक मारली. ती कानात प्लास्टिकचे मोठे डूल घालून आली. मी तिला 'सॅम', 'मॉप', 'टॉप' असे शब्द कागदावर लिहून दिले. 'टॉप'वर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ट... ऑ... प..." आणि थांबली. पुन्हा, "ट... ऑ... प... टऑप... टॅप?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "टेबल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती 'ट' म्हणत होती, पूर्ण, अ-कारासकट. आपल्या अक्षरांत 'अ' बसलेलाच असतो. क म्हणजे क् आणि अ. इंग्रजी अक्षराचा आवाज मात्र नुसता 'ट्' असतो. चिऊ 'ट' आणि 'ऑ' जोडायला जायची आणि मधला 'अ' प्रत्येक वेळी आडवा यायचा. बाबा रोज संध्याकाळी कार्डं घेऊन तिला शिकवत होते, "टी म्हणजे ट, बी म्हणजे ब." दीड वर्षं, एकही दिवस न चुकता. मी हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांना म्हटलं, तिला सगळे आवाज ओळखता येतात ते तुमच्यामुळेच. फक्त ट चा पाय मोडायचा राहिलाय.

पाय मोडणं आईला लगेच कळलं. तिनं कागदावर 'ट' काढला, खाली पाय मोडला आणि चिऊला म्हणाली, "हा लंगडा ट. याला एकट्याला उभं राहता येत नाही, म्हणून तो पुढच्याच्या गळ्यात पडतो." चिऊ रविवारच्या मराठी शाळेत जाते, तिला पाय मोडका माहीत होता. तिनं 'ट्' म्हटलं आणि थेट 'ऑ'वर उडी मारली. "ट्ऑ... टॉ... टॉप!" मग 'सॅम' घेतला. स् आणि म् हे आवाज ताणता येतात, म्हणून नवशिक्या मुलांना असे शब्द आधी द्यावेत. स्‌स्‌स्‌स्‌ॲ‌ॲ‌म्‌म्‌म्. मधे श्वास तोडायचा नाही.

तिचा कान किती तयार आहे हे बघायला मी विचारलं, "च ची भाषा येते का तुला?" तिचे डोळे चमकले. "चझंमा चवना चऊचि!" माझं नाव चिऊ. पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा, हे ती, मला विचार करायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात करत होती. शब्द तोडणं आणि पुन्हा जुळवणं, वाचनाला लागणारं नेमकं हेच कसब, आणि ते तिनं मराठीत कमावलेलं.

"कुणी शिकवली?"

"मोठ्या काकांनी. व्हिडिओ कॉलवर."

इतका वेळ बोलणारे बाबा एकदम गप्प झाले. मी थांबले. चिऊ आत गेल्यावर ते म्हणाले, "दादा दहावीला दोनदा ऑक्टोबरला बसला. वाचताना ओळ चुकायची त्याची. अण्णा त्याला आळशी म्हणायचे, मारायचेसुद्धा. गोष्टी सांगायला मात्र एक नंबर." बऱ्याच वेळानं म्हणाले, "समर स्कूल म्हटल्यावर मला दादाच दिसला."

मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. त्यात एक जुनं दुःख होतं आणि एक माहितीही होती. वाचनातली अडचण घराण्यात उतरू शकते. म्हणून मी दोन गोष्टी सुचवल्या. कान-डोळे आधी तपासून घ्या (घेतले, दोन्ही ठीक निघाले). आणि चांगलं शिकवूनही हिवाळ्यापर्यंत फरक पडला नाही, तर शाळेकडे सखोल तपासणीची मागणी लेखी करा. सरकारी शाळेत तो पालकांचा हक्क आहे, तो देशाच्या कायद्यानं दिलेला आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तोंडी बोललेलं हवेत राहतं, लेखीच द्या.

आता उरली तिकिटं. आईनं विचारलं, "दोन आठवडे कॅम्प करून मग गेलो तर?" कुणीतरी ग्रुपवर फॉरवर्ड पाठवला होता की सुट्टीत मुलं दोन-दोन महिने मागे पडतात. त्या आकड्यानं मी कुणाला घाबरवत नाही. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या पहिलीतल्या सुमारे ८०० मुलांपासून एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात गरीब आणि सुखवस्तू मुलांमधलं अंतर उन्हाळ्यात वाढताना दिसलं होतं. पण सुट्टीत नक्की किती घसरण होते, यावर पुढच्या संशोधकांचं एकमत नाही. मला जास्त उपयोगी वाटतो तो पाच शहरांतला प्रयोग. बॉस्टन, डॅलस, पिट्सबर्ग, रॉचेस्टर आणि फ्लॉरिडातली ड्युवल काउंटी, इथल्या डिस्ट्रिक्टनी तिसरी संपलेल्या मुलांसाठी मोफत उन्हाळी वर्ग चालवले आणि रँड या संस्थेनं ते तपासले. ठळक फायदा दिसला तो २० किंवा जास्त दिवस हजर राहिलेल्या मुलांमध्ये, आणि वाचनातला फायदा दुसऱ्या उन्हाळ्यानंतर. ती मुलं चिऊपेक्षा मोठी होती, पण जाऊन-येऊन केलेला कॅम्प पाण्यात जातो एवढं त्यातून घ्यावं.

म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगितलं: पाठवायचं तर पूर्ण पाठवा, नाहीतर निवांत साताऱ्याला जा आणि अपराधी वाटून घेऊ नका. आजीच्या अंगणातला उन्हाळासुद्धा शिक्षणच आहे. निर्णय तुमचा. दोघांनी दोन दिवस घेतले. मग तिकिटं पुढे ढकलली, दंड भरला, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं ठरवलं. इथली शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडते, तेवढा वेळ होता.

आजी रुसली. चिऊला समजावून सांगणंही सोपं गेलं नाही, पहिल्या दिवशी ती गाडीतून उतरेना. पण वर्गात मोजकीच मुलं होती, आणि तिसऱ्या दिवशी तिनं घरी येऊन सांगितलं की टीचरसुद्धा 'लंगडा ट'च शिकवतात, फक्त त्यांना त्याचं नाव माहीत नाही. संध्याकाळी बाबा कार्डं घ्यायचे, पण आता दहाच मिनिटं. बाकी वेळ आई मराठीत गोष्ट वाचायची. शनिवारी काउंटीच्या लायब्ररीत जायचं, पुस्तक चिऊच निवडणार, बाळबोध असलं तरी चालेल, हे मीच घालून दिलं होतं.

या निमित्तानं आणखी एक सांगते. शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारणारा फॉर्म असतो. चिऊच्या आईनं मैत्रिणीच्या सल्ल्यानं तिथे इंग्रजी लिहिलं होतं, मुलीला ईएसएलमध्ये, म्हणजे घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांच्या इंग्रजी वर्गात, टाकतील या धास्तीनं. असं करू नका. इंग्रजी पुरेसं असेल तर चाचणीत ते दिसतंच. कमी असेल तर जी मदत मिळायला हवी ती या खोट्या नोंदीमुळे अडते. भाषेमुळे मागे पडणाऱ्या मुलाला शाळेनं मदत केलीच पाहिजे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्येच सांगितलेलं आहे.

साताऱ्याला ते पोचले तेव्हा आंबे संपलेले होते. आजीनं रस आटवून बरणीत भरून ठेवला होता. आईनं मला एक व्हिडिओ पाठवला: बाहेर धो धो पाऊस, पडवीत चिऊ आणि मोठे काका शेजारी शेजारी बसलेले, मधे इंग्रजी गोष्टीचं पुस्तक. चिऊ ओळीखाली बोट फिरवते आहे, आणि काकाही त्याच ओळीवर नजर ठेवून आहेत.

सप्टेंबरच्या चाचणीत चिऊनं मिनिटाला अकरा निरर्थक शब्द जोडून वाचले. पट्टी लालची पिवळी झाली. वेग अजून कमीच आहे, लांब परिच्छेदात ती दमते, आणि मला तिच्याकडे अजून लक्ष ठेवायचं आहे. शाळेनं तिच्यासाठी स्वतंत्र वाचन-योजना केली आहे आणि ऑक्टोबरमध्ये त्याची मीटिंग आहे. आजवर अशा मीटिंगना आईच जायची. या वेळी बाबांनी सुट्टी काढली आहे. काय काय बोलायचं ते त्यांनी लिहून मला दाखवायला पाठवलं. पहिलाच मुद्दा होता: 'माझ्या मोठ्या भावालाही वाचायला त्रास व्हायचा.'